पाच हजार रुपये, चौदा पात्रं आणि एकही बाहुली नाही

‘मी नागपुरात एका अनुदानित शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. आमच्या नाट्यमंडळात अठरा मुलं आहेत. यंदा डिसेंबरच्या गॅदरिंगला बाहुलीनाट्य करायचं ठरलंय. तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी बैल मिरवायचा सण आला, पण आपल्याकडे बैल नाही, अशा एका मुलाची गोष्ट पोरांनीच रचली आहे. पात्रं झालीत चौदा. मुख्याध्यापकांनी पाच हजार मंजूर केले, वर एक रुपयाही मिळणार नाही असं बजावलं. ऑनलाइन पाहिलं तर जरा बरी हातबाहुली सातशेच्या खाली नाही. एक पालक राजस्थानी कठपुतळ्यांच्या जोड्या स्वस्तात आणून देतो म्हणतात. सहकारी म्हणतात, भाड्याने आणा अन् मोकळ्या व्हा. बनवत बसलात तर अभ्यासक्रम बोंबलेल. काय करू? आणि कार्यक्रम झाल्यावर या बाहुल्यांचं काय करायचं?’

— एक शिक्षिका, नागपूर

ताई, नमस्कार.

चौदा बाहुल्या गुणिले सातशे म्हणजे ९,८०० रुपये. हा आकडा पाच हजारांत बसत नाही म्हणून तुम्ही दुकानं बदलून बघताय. माझं म्हणणं, दुकान राहू द्या, आधी वही काढा आणि पात्रं कापा. हे मी पैशासाठी म्हणत नाही. समजा, उद्या कुणी चौदा सुंदर बाहुल्या फुकट आणून दिल्या, तरी त्या तुम्हाला चालवता येणार नाहीत. पडद्यामागे एका मुलाला हात वर धरून सरकायला कमीत कमी दीड फूट जागा लागते. सहा फुटी मंचामागे चार मुलं, पाचवं घातलं की कोपर शेजाऱ्याच्या नाकात. म्हणजे एका वेळी चारच बाहुल्या दिसणार. त्यातही प्रेक्षक बघतो एकीकडेच, जी बोलतेय तिच्याकडे.

तेव्हा गोष्ट अशी आवरता येईल: मुलगा, आई, आजोबा, सुतार आणि ज्याच्याकडे मोठा बैल आहे तो श्रीमंत मित्र. ही पाच डोकी. सहावा सूत्रधार, तो वेगळ्या जातीचा करू, पुढे सांगते. बक्षीस द्यायला येणारे पाहुणे म्हणजे आजोबाच. फेटा बदला, मिशा चिकटवा. तान्ह्या पोळ्याला जमलेले पोट्टे चार-पाच वेगळे कशाला हवेत? जाड पुठ्ठ्यावर सहा-सात पोरांची रांग रंगवा, कडेने कापा, मागे एक काठी लावा. एक मूल ती रांग हलवेल आणि गर्दी उभी राहील. मुलांना आधी वाईट वाटेल, कारण प्रत्येकानं आपापलं पात्र लिहून घेतलेलं असतं. पण अठराही जणांना काम आहे, तेही सांगते.

आणि बैल? ताई, बैल विकत घ्यायचा किंवा बनवायचा विचार जर कुणी करत असेल तर त्याला थांबवा. नागपुरात असा वाडा, असा फ्लॅट नसेल जिथं कुठल्यातरी कपाटावर चाकांचा लाकडी बैल धूळ खात बसलेला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सजवून मिरवायचा, मग वर्षभर विसरायचा. मंचाच्या कठड्याला आतून सहा इंच रुंद फळी लावली की हाच बैल त्यावरून दोरीनं ओढता येतो. खरा लाकडी बैल, खरी चाकं, खरा आवाज. तुमच्या नाटकातली सर्वात देखणी बाहुली अशी फुकटात येणार आहे. लहान, मध्यम, मोठा असे तीन बैल तीन घरांतून मागवा. श्रीमंत मित्राचा बैल मुलाच्या बैलापेक्षा चांगला दुप्पट दिसला पाहिजे.

आता तुमच्यापुढचे तीन पर्याय. फार वेळ घालवत नाही.

भाड्याचा विचार सोडा. नाटकाचे कपडे, मुकुट, दाढ्या भाड्याने मिळतात, कारण ते एका दिवसाचे असतात. बाहुली मात्र पहिल्या तालमीपासून हातात लागते. आदल्या दिवशी आलेली बाहुली मूल नुसती धरतं, चालवत नाही, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

ऑनलाइन बाहुल्यांत फोटोत हातभर आणि हातात बोटभर असा प्रकार फार. माप वाचूनच घ्या. शिवाय त्यात वाघ, अस्वल, डॉक्टर, पोलीस मिळतील. धोतर-बंडीतला सुतार मिळणार नाही.

कठपुतळ्यांचं म्हणाल तर त्या पालकांचे आभार माना आणि एक जोडी वर्गाच्या भिंतीवर टांगा. शोभेसाठी विकतात त्यांच्या दोऱ्या तोकड्या असतात. राजस्थानी भाटांकडची खरी कठपुतळी पाहिलीत तर डोकं कोरीव लाकडाचं, खाली पाय नाहीत, लांब घेरदार झगा. दोऱ्या इन मीन दोन-तीन, पण त्या बोटांत खेळवत बाहुलीला नाचवणं ही बालपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. आपल्याकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी ही कला पिढ्यान् पिढ्या जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना त्यांच्या प्रयोगाची चित्रफीत जरूर दाखवा. पण बारा वर्षांच्या पोराच्या हातात दोऱ्या देऊन तीन महिन्यांत नाटक उभं राहील, अशी आशा धरू नका. दोऱ्यांचा गुंता सोडवण्यातच दिवाळीची सुट्टी जाईल.

राहिली हातबाहुली: तर्जनी मानेत, अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत. मुलांच्या हाताला ती लगेच येते, हातवारे करते, वस्तू उचलते, टाळ्या वाजवते. तीच बनवा. पाच डोक्यांचं काम आहे, पन्नासांचं नाही. कार्यानुभवाचे तास वेळापत्रकात आहेतच, ते कला शिक्षकांशी बोलून यासाठी मागून घ्या. सहकाऱ्यांच्या तक्रारीला तेवढं उत्तर पुरे.

डोकं कसं करायचं ते जरा नीट सांगते, कारण इथेच सगळे घसरतात. पुष्कळ जण भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचं भरीव डोकं करतात. ते वाळायला आठवडा लागतो, आत ओल राहिली तर बुरशी धरतं आणि मुख्य म्हणजे जड होतं. जड डोकं बारा वर्षांच्या मुलाच्या एका बोटावर दहा मिनिटं पेलत नाही. मान कलते आणि नायक सगळ्या नाटकभर पेंगल्यासारखा दिसतो. थर्माकोलचे गोळेही नकोत. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि शाळेनं तरी ती पाळावी.

त्यापेक्षा पोकळ डोकं करा. दसरा-दिवाळीची घाई सरली की महाल भागातल्या चितारओळीत जा. तिथल्या मूर्तिकारांकडे उरलीसुरली माती असते. शाळेसाठी हवी म्हटलं तर दोन-चार किलो सहज देतील. जाताना दोन-तीन मुलांना घेऊन जा. चेहऱ्याची माती अंगठ्यानं कशी दाबतात, नाक कुठून काढतात, हे त्यांना तिथे पाच मिनिटांत दिसेल. आपण फळ्यावर तासभर सांगितलं तरी कळणार नाही. तेवढी उसंत नसेल तर शाडू माती विकत आणा, पण चितारओळीची चक्कर चुकवू नका.

मातीचं डोकं मोठ्या संत्र्याएवढं करा, बाटलीच्या तोंडावर बसवून. नाक, हनुवटी, भुवया वाजवीपेक्षा मोठ्या. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते, तिच्यातले बडगे, म्हणजे ते मोठाले पुतळे आठवा: कागद, चिंध्या, बांबू, पण नाक असं की चौकाच्या त्या टोकाहून ओळखू यावं. मुलांना एवढंच सांगा, ‘बडग्यासारखं नाक काढ.’ लगेच समजतं.

मग वर्तमानपत्राच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या. कात्रीनं कापायच्या नाहीत, हातानं फाडायच्या. फाटकी कड एकमेकींत मिसळते, कापलेली कड रंगाखालून रेघ दाखवते. पहिला थर नुसत्या पाण्यानं, म्हणजे मातीला चिकटत नाही. पुढचे पाच थर अर्धं फेविकॉल, अर्धं पाणी या मिश्रणानं. एक थर वर्तमानपत्राचा, एक जुन्या खाकी वेष्टणाचा, असे आलटून पालटून द्या. रंग वेगळा असल्यामुळे कुठे थर सुटलाय ते चटकन दिसतं. मैद्याची खळ स्वस्त पडते हे खरं, पण शाळेच्या अडगळीच्या खोलीतले उंदीर ती फार आवडीनं खातात. आणि खळीत किडीसाठी मोरचूद घालायची जुनी पद्धत कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा, ते विषारी असतं.

नागपुरी ऊन असेल तर दोन दिवसांत टणक वाळतं. मग तुम्ही स्वतः, मुलांनी नव्हे, ब्लेडनं कानांच्या मागून उभं कापून दोन अर्ध्या वाट्या वेगळ्या करायच्या. माती बाहेर काढायची, भिजवायची, पुढच्या डोक्याला वापरायची. वाट्या पट्ट्यांनी जोडायच्या. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा बाहुली चालवणाऱ्या मुलाच्या तर्जनीभोवती गुंडाळून नळी करायची आणि मानेत पक्की बसवायची. नळी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत यावी. सैल झाली तर डोकं गरगरतं, घट्ट झाली तर पोर अर्ध्या प्रवेशात हात सोडवून घेतं. नळीच्या खालच्या काठाला सुतळीचा एक वेढा चिकटवा. त्याच्या वर कपड्याची नाडी बांधली की झगा निसटत नाही.

पोस्टर कलर लावा, पण वरून चकाकणारं व्हार्निश नको. दिव्याखाली चेहरा नुसता चमकतो, नाक-डोळे पुसले जातात.

डोळे मात्र सर्वात शेवटी, आणि घाईनं नाही. काळी चमकदार बटणं घ्या. चिकटवण्याआधी मेणाच्या गोळीनं तात्पुरती लावा, बाहुली मंचाच्या उंचीवर धरा आणि एका मुलाला समोर सतरंजीवर बसवा. त्याला विचारा, ‘कुणाकडे बघतोय रे हा?’ तो ‘पंख्याकडे’ म्हणाला तर बटणं खाली सरकवा. शाळेत प्रेक्षक जमिनीवर बसतात, त्यामुळे बाहुलीची नजर किंचित खाली आणि दोन्ही डोळे किंचित नाकाकडे हवेत. ‘माझ्याकडे’ असं उत्तर आलं की तिथेच फेविकॉल. या एका गोष्टीनं बाहुली जिवंत होते, आणि तिला खर्च शून्य आहे.

अंगरख्याचा साचा सोपा. मुलाचा हात कागदावर ठेवा, अंगठा आणि मधलं बोट फाकवून. भोवती इंच-दीड इंच जागा सोडून रेघ मारा. लांबी कोपराजवळ जाईल इतकी. दुहेरी कापडावर कापा, कडा शिवा, उलटा. सुती कापड घ्या. जुनं सुती लुगडं, परकर, खादीचा जुना झब्बा उत्तम. टेरिकॉट घामेजल्या हातावर घसरतं. तुमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडे कात्रणांचं पोतं असतंच. ते मागा, आणि सरळ शिलाई मारायचे त्याला पैसे द्या. काळं कापड मात्र विकत लागेल, कारण मंचाला तेच हवं आणि चालवणाऱ्या मुलांच्या बाह्यांनाही. ते गांधीबागेत कटपीसमध्ये बघा, आणि सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्यावर दुकानात शिरण्याआधी बघा.

हातात वेळ कमी पडला तर एक आडवाट आहे. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी जुनी टेडी बेअर, कुत्रे, माकडं भंगारात निघतात. पालकांच्या ग्रुपवर आधीच लिहून ठेवा, ‘फेकू नका, शाळेत पाठवा.’ धुऊन वाळवा, बुडाची शिवण उसवा, पोटातला कापूस काढा, डोक्यातला तसाच ठेवून मानेत बोटापुरतं भोक पाडा आणि खाली काळी बाही जोडा. तासाभरात हातबाहुली तयार. काढलेला कापूस आजोबांच्या दाढीला.

सूत्रधाराला मी वेगळी जात म्हटलं ते असं. त्याचं तोंड उघडलं-मिटलं पाहिजे. लांब मोजा घ्या, त्यात मधोमध दुमडलेला लंबगोल पुठ्ठा चिकटवा, वर चार बोटं, खाली अंगठा. मोज्याला पागोटं, चष्मा, काय हवं ते. फक्त मुलाला एक सवय लावा: बोलताना खालचा अंगठा खाली जायला हवा. नवशिकी मुलं वरची बोटं वर उडवतात, मग बाहुली बोलत नाही, आ करून जांभया देते. आरशासमोर चार दिवस ‘आ-ई-आ-जो-बा’ घोकलं की येतं. अशी तोंडबाहुली एकच ठेवा. सगळ्यांची तोंडं हलायला लागली की कुणाचंच हलणं दिसत नाही.

मंच. दोन बाक, दोन बांबू, एक आडवी काठी, काळं कापड. उंची ठरवताना सर्वात उंच मुलाला गुडघ्यांवर उभं करा. त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर कठडा. सहावी-सातवीच्या मुलांना हे साधारण पावणेचार फूट येतं. खाली जुनी गादी टाका, नाहीतर दुसऱ्या तालमीला गुडघे सोलून पोरं घरी तक्रार नेतात. राजस्थानातले भाट दोन खाटा उभ्या करून त्यांच्या आधारानं मंच लावत, तुम्हाला दोन व्हॉलीबॉलचे खांबही चालतील.

अठरा मुलांचं काय, तर हात वेगळे आणि आवाज वेगळा. पडद्यामागे गुडघ्यावर बसून, एक हात वर धरून, दुसऱ्या हातात माइक धरून कुणालाच बोलता येत नाही. म्हणून पाच-सहा मुलं बाहुल्या चालवतील, पाच-सहा मुलं मंचाच्या बाजूला बाकावर बसून एकाच माइकसमोर संवाद म्हणतील. दोन जण ढोलकी, झांज आणि बैलाच्या घुंगरांना. दोघं पडदा आणि सामान. एकीच्या हाती सगळ्या प्रयोगाची वही. उरलेली दोघं-तिघं राखीव, आणि डिसेंबरच्या थंडीत ती लागतातच. मात्र हात-आवाजाच्या जोड्या पहिल्या दिवशी ठरवा आणि बदलू नका. चालवणारा श्वास घेतो तेव्हा बोलणाऱ्यानं घ्यायचा, हे जमायला पाच-सात तालमी जातात.

तालमी बाहुल्यांची वाट बघत थांबवू नका. उद्यापासून प्रत्येकाच्या तर्जनीवर भोक पाडलेला टेबल टेनिसचा बॉल बसवा आणि नुसत्या हातानं ‘हो’, ‘नाही’, ‘काय?’, ‘दमलो’, ‘पळालो’ करून घ्या. खालून एकदम उगवायचं नाही, जिना चढल्यासारखं टप्प्याटप्प्यानं वर यायचं. जी बोलते तीच हलेल, बाकीच्या तिच्याकडे बघत स्थिर राहतील. हा नियम मोडण्याची मुलांना भारी हौस असते. हात खाली घसरतो आणि आपले नायक कंबरेपर्यंत बुडतात, हेही रोज दिसेल. रोज सांगावं लागेल.

आता एक गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. गॅदरिंगच्या मंडपात चार-पाचशे माणसं असतील तर फूटभर बाहुली आठव्या-दहाव्या रांगेपलीकडे दिसणार नाही. कितीही खर्च केलात तरी नाही. माझा आग्रह, खरे प्रयोग वर्गावर्गात करा, एका वेळी पन्नास-साठ मुलं सतरंजीवर. डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत असे आठ-दहा प्रयोग झाले की मुलांची भीड चेपते आणि पाच हजारांचं चीज होतं. गॅदरिंगला फक्त शेवटचा, पोळ्याचा प्रवेश करा. त्यासाठी बांबूच्या कमट्या, वर्तमानपत्रं आणि जुन्या साड्यांचा माणूसभर उंचीचा एक बडग्या उभा करा, आत एक मूल, दोन्ही हातांच्या काठ्या धरायला दोन मुलं. मागच्या रांगेतली आजीसुद्धा बघेल. कमट्या बुरूड गल्लीतून आणा आणि तासून घ्या, कुसळं हातात जातात.

छायाबाहुल्या याहूनही स्वस्त: पुठ्ठा, काठ्या, पांढरं धोतर आणि मोबाइलचा टॉर्च, कारण छोट्या ठिणगीएवढ्या उजेडाची सावली रेखीव पडते. पण त्याला मिट्ट काळोख लागतो. तुमची वर्गखोली दुपारी तेवढी अंधारी होत नसेल तर नाद करू नका.

पैसे मी असे वाटून देईन, ही कमाल मर्यादा समजा: कापड १,५००, फेविकॉल आणि रंग ९००, बांबू, फळी, दोऱ्या मिळून १,२००, शिंप्याची मजुरी ६००. उरलेले ८०० कुलुपात. ते नोव्हेंबरच्या शेवटी लागतील. कशाला ते आज सांगता येत नाही, पण लागतील. पालकांकडून रोकड मागू नका, वस्तू मागा. दुकानातली बिलं शाळेच्या नावानं घ्या. शिंप्याकडे किंवा बुरडाकडे बिलबुक नसतं. साध्या कागदावर काम, रक्कम, तारीख लिहून सही घ्या. पाच हजारांच्या आतल्या पावतीला महसुली तिकीट लागत नाही, त्यावरून लेखनिकांनी अडवलं तर एवढं सांगायला हरकत नाही.

तुम्हाला स्वतःला यात गोडी लागली तर सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात चौकशी करून या. लोककलावंतांच्या कार्यक्रमांची खबर तिथे मिळते. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, १९७९ पासून आहे आणि सेवेतल्या शिक्षकांसाठी बाहुलीनाट्याचं खास प्रशिक्षण घेतं. त्याला नाव शिक्षण विभागामार्फत जातं, म्हणून अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीनं. यंदाच्या नाटकाला त्याचा उपयोग नाही, पुढच्या वर्षीसाठी सांगतेय.

शेवटचा प्रश्न, नंतर बाहुल्यांचं काय. अंगरखे मुलांना घरी नेऊ द्या. ज्यानं चालवली त्याच्या हाताच्या मापाचे आहेत, दुसऱ्याला बसायचे नाहीत. डोकी शाळेची. नाडी सोडली की डोकं सुटतं, पुढच्या वर्षी दुसरा झगा चढवला की सुतार राजा होतो आणि आई राणी. आडव्या दोरीला टांगून ठेवा, पेटीत कोंबू नका, आणि दोरी भिंतीपासून लांब बांधा, उंदरांसाठी. लाकडी बैल ज्यांचे त्यांना परत करा, खाली आधीच नावाची चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर तीन आयांची भांडणं तुमच्या दारात. आणि जानेवारीत विसरायच्या आत ती पाच डोकी, मोज्याचा सूत्रधार आणि काळा पडदा शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवून घ्या. नोंद नसलेली वस्तू उन्हाळ्याच्या साफसफाईत शिपाईकाका पहिली बाहेर काढतात.